स्टेपनीने ऊन पाहिलं नव्हतं

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी एकच अट घातली. बाकी काय बघायचं ते तू बघ, टायर मी बघणार. एकतीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली होती, तेव्हा अट रास्त होती. मी श्रीवर्धनच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात त्याआधी कुणी गाडी घेतलेली नव्हती. वडिलांनी आयुष्यभर चालवली ती सरकारची.

गाडी अलिबागजवळच्या एका बंगल्यात उभी होती. मालक मुंबईचे. बोटीने इकडे आले की फिरायला हाताशी असावी म्हणून त्यांनी ती घेऊन ठेवली होती. आता त्यांचं येणं कमी झालं होतं. बंगला सांभाळणाऱ्या बाईंनी फाटक उघडलं आणि पदराने बॉनेटवरची धूळ झटकली.

"वर्सातून दोनदा हलायची," त्या म्हणाल्या. "गणपतीत आणि नाताळात. बाकी मी पुसायची आणि ही उभी."

वडील चारी चाकांपाशी एकेक करून उकिडवे बसले. टायरच्या खाचेत अंगठा घालून त्यांनी खोली पाहिली. मग डिकी उघडून स्टेपनी पाहिली. तिच्यावर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. ती कधी रस्त्यावर उतरलीच नव्हती.

"नवे कोरे हायत," ते म्हणाले. "पाचच्या पाच. घे बाय."

मी घेतली. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घातली, दिघीला उतरलो आणि अंधार पडायच्या आत घरी आलो. वडील वाटभर माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, पण उजवा पाय मात्र अधूनमधून पुढच्या पत्र्यावर दाबत होते.

जानेवारीतल्या एका रविवारी गाडी धुताना मला ते पहिल्यांदा दिसलं. उजव्या बाजूच्या पुढच्या टायरवर पाणी मारलं तेव्हा ते ओघळून न जाता काही ठिकाणी रेषारेषांनी आत मुरल्यासारखं वाटलं. वाकून पाहिलं. टायरच्या अंगावर, रिमच्या जरा वर, बारीक भेगा होत्या. टाचेला हिवाळ्यात पडतात तशा. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही होत्या. उजवं मागचं चाक पाहिलं, तिथंही तेच. मग पलीकडे जाऊन डावी दोन्ही पाहिली, तर ती जवळजवळ स्वच्छ होती.

एक बाजू तडकते आणि दुसरी नाही, हे काही मला सुचू देईना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून भिंग आणलं. भिंगातून त्या भेगा सुकलेल्या खाजणातल्या चिखलासारख्या दिसल्या. वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "नक्षी हाय ना? मग झालं. नक्षी गेली की टायर गेला. आमच्याकडं हाच कायदा."

माझं समाधान झालं नाही. मी गाडी घेऊन बाजारपेठेच्या टोकाला पंक्चर काढणारे चाचा बसतात त्यांच्याकडे गेले. वय सत्तरीच्या आसपास. कामापुरतं बोलणारा माणूस. त्यांनी भेगांवरून नख फिरवलं, मग टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले.

"काय शोधताय?"

"तारीख. बाहेरच्या अंगाला न्हाय, आतल्या अंगाला हाय." थोड्या वेळाने त्यांनी मला खाली बोलावलं. "वाका मॅडम, बघा. चार आकडे हायत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे."

मी साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसले. टायरवर तारीख असते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. एका लांबट चौकटीत चार आकडे होते. मनातल्या मनात आठवडे मोजले. पावसाळा संपता संपता बनलेला टायर होता, आणि त्याला नववं वर्ष लागलं होतं. चाचांनी चारी टायर तपासले. सगळ्यांवर तेच चार आकडे.

"मग दोनच का तडकले?" मी विचारलं.

"ऊन," चाचा म्हणाले. "ही बाजू उन्हात असणार. पण मॅडम, ऊन हा एक दुश्मन. उमर हा दुसरा. पाच-सहा साल झाली की टायर दर साली दाखवत जायचा. दहाच्या पुढं तर नक्षी कशीपण असू दे, उतरवायचा."

मी पहिलं वाक्य ऐकलं. पुढची माझ्या कानावरून गेली, असंच म्हणावं लागेल. कारण माझ्या डोक्यात तोवर एक प्रयोग उभा राहिला होता. दोन टायर उन्हात, दोन सावलीत, वय सारखं, गाडी तीच, हवा तीच. निसर्गाने असा नेटका प्रयोग मांडून ठेवलेला क्वचित सापडतो.

फेब्रुवारीत शाळेच्या कामासाठी अलिबागला जावं लागलं. परतताना मी वाट वाकडी करून त्या बंगल्यावर गेले. बाई ओट्यावर चिंचा फोडत होत्या.

"मावशी, गाडी कुठं उभी असायची? नक्की कशी, तोंड कुठं करून?"

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण जागा दाखवली. फाटकाच्या आत फरशीचा एक तुकडा होता. डाव्या अंगाला शेजारच्या वाडीतल्या नारळी-सुपारीची दाट सावली भिंतीवरून आत येत होती. उजवं अंग समुद्राकडे मोकळं होतं. दुपारी बारानंतर मावळेपर्यंत ऊन त्या बाजूला सरळ येत असणार, शिवाय फरशीवरून वर उलटणारं वेगळं. फरशीवर चार चाकांचे डाग अजून होते. उजवीकडचे दोन जास्त काळे होते.

"काय झालं गो? गाडीत काय हाय काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. मला फक्त बघायचं होतं."

"बघा, बघा," त्या म्हणाल्या. गाडी विकल्यावर जागा बघायला परत येणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी. त्यांनी मला मूठभर चिंचा बांधून दिल्या.

मी खुशीत घरी आले. मुलांना दाखवण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोगही केला. रबरबँड ताणून पट्टीवर बसवले. एक पट्टी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली, एक टेबलाच्या खणात. तीन आठवड्यांनी खिडकीतल्या रबराला बारीक चिरा पडल्या आणि बोटाने ओढताच ते तुटलं. खणातलं मात्र जसंच्या तसं होतं. मी फळ्यावर निष्कर्ष लिहिला: उन्हाने रबर खराब होतं, सावलीत टिकतं. मुलांनी वहीत उतरवून घेतला.

त्याच निष्कर्षावर मी टायरांचा निकाल लावला. उजवे दोन काढायचे. त्यांच्या जागी एक नवा आणायचा, आणि दुसऱ्या जागी स्टेपनी लावायची. स्टेपनीने ऊन पाहिलंच नव्हतं. ती आठ वर्षं डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली अंधारात पडून होती. अंगावर एक भेग नव्हती.

चाचांनी नवा टायर पुढच्या चाकाला चढवला. स्टेपनी हातात घेऊन ते थांबले. तिच्यावरचे आकडे त्यांनी मला दाखवले. तेच चार.

"हिची उमर पण तीच हाय मॅडम. माझं ऐकाल तर दोन्ही नवे घ्या."

"पण ही उन्हात नव्हती ना."

"न्हाय, ते खरं हाय."

"मग?"

मास्तरीणबाईंशी वाद नको असं चाचांना वाटलं असेल. वडीलही तिथंच होते. ते म्हणाले, "केस हायत अजून तिला. बसव." चाचांनी ती मागच्या उजव्या चाकाला बसवली. काढलेल्या दोन तडकलेल्या टायरांपैकी बरा दिसणारा एक आम्ही स्टेपनी म्हणून डिकीत टाकला, दुसरा घरी अंगणात ठेवला.

वीस मार्चला महाडला जायचं, असं वडिलांनी त्या वर्षी आधीच सांगून ठेवलं होतं. चवदार तळ्यावर त्या दिवशी आमच्या समाजातली माणसं कुठून कुठून येतात. नोकरीत असताना वडिलांनी त्या दिवशीच्या जादा गाड्या कितीतरी वर्षं नेल्या. पण गाडी तळ्यापासून लांब उभी करावी लागायची आणि ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते. ते स्टिअरिंगवर डबा उघडून जेवायचे, लांबून घोषणा ऐकायचे आणि संध्याकाळी माणसं भरून परत यायचे. निवृत्तीनंतर आईचं आजारपण आलं, ती गेली, मग यांचे गुडघे. वीस तारखेला तळ्याच्या पायरीवर ते कधी उभे राहिले नव्हते. ही गोष्ट त्यांनी मला त्या सकाळी गाडीत सांगितली, तीही मी विचारलं म्हणून.

त्यांनी पांढरी शर्ट-पँट घातली होती. म्हसळ्याला चहा घेतला. घाट चढताना-उतरताना मी सावकाश चालवत होते, काही जाणवलं नाही. लोणेऱ्याला हायवेला लागलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सिमेंटचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. मोकळा रस्ता मिळाल्यावर माझाही पाय जरा दबला.

पाच-सात मिनिटं झाली असतील. वडील एकदम ताठ बसले.

"आवाज ऐक."

मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. मागून, उजवीकडून, हलकं थड थड थड. कुणी ओला गोणपाट आपटत असल्यासारखं. आणि सीटमधून कमरेला थरथर जाणवायला लागली.

"ब्रेक मारू नको," वडील म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "पाय काढ फक्त. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धर. आरशात बघ, मागं कोण हाय?"

"ट्रक आहे. लांब आहे."

"इंडिकेटर दे डाव्या अंगाचा. हळूहळू घे. ओढू नको."

तेवढ्यात मागे काहीतरी फाटल्याचा मोठा आवाज झाला, पत्र्यावर फटके बसले आणि गाडीचं मागचं अंग उजवीकडे सरकलं. माझा पाय ब्रेककडे गेलाच होता.

"न्हाय," वडील म्हणाले. "न्हाय. सरळ धर. जाईल ती आपसूक."

मी हात घट्ट धरून ठेवले. गाडी दोनदा डोलली, मग सावरली, मग वेग उतरत उतरत डाव्या कडेला येऊन थांबली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरून निघेनात. वडिलांनीच माझी बोटं एकेक करून सोडवली.

खाली उतरून पाहिलं. मागच्या उजव्या टायरची नक्षीची अख्खी पट्टी केळ्याच्या सालीसारखी सोलून लोंबत होती. तिचे फटके बसून मडगार्ड चेपलं होतं. खालच्या तारा उघड्या पडल्या होत्या. आणि त्या लोंबणाऱ्या पट्टीवर, मला अजून आठवतं, ते रबराचे केस काही ठिकाणी तसेच होते.

भीती उतरायला लागली तसं माझ्या मनात एकच यायला लागलं. का? हिने तर ऊन पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने निळे झेंडे लावलेला एक टेम्पो थांबला. माणगावकडची माणसं होती, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायाही होत्या. दोघांनी उतरून जॅक लावला, फाटकं चाक काढलं आणि डिकीतलं तडकलेलं चढवलं. दुसरं काही नव्हतंच. त्यातला एकजण वडिलांना म्हणाला, "चला काका आमच्याबरोबर. ताई येतील मागनं सावकाश."

वडिलांनी मान हलवली. "गाडी सोडून कसा येऊ?"

मी म्हटलं, "बाबा, आज ड्रायव्हर मी आहे. तुम्ही पॅसेंजर आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "चाळिसाच्या वर जायचं न्हाय," ते म्हणाले.

"नाही जात."

टेम्पोतल्या बायांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. मी कडेकडेने, सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देत महाड गाठलं. जो टायर मीच नापास केला होता त्याच्यावर जीव ठेवून गेले. असं करू नये हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा दुसरा मार्ग सुचला नाही. गावाच्या अलीकडेच टायरचं दुकान दिसलं तिथं थांबले. उरलेले सगळे जुने टायर उतरवले, स्टेपनीसकट नवे घातले; डावे दोन जुने दुकानातच सोडले, फाटका आणि तडकलेला डिकीत टाकले. या वेळी प्रत्येकाचे आकडे आधी वाचले, मग चढवू दिले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, असं कुणी बघत नाय." मी म्हटलं, "मी पण बघत नव्हते."

वडील मला चार वाजता तळ्याच्या जवळच्या रस्त्यावर भेटले. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. कसं होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गर्दी लय होती." घरी येईपर्यंत त्यांनी एकदाही पायाने पत्रा दाबला नाही.

फाटलेला टायर आणि तडकलेले दोन असे तीन जुने टायर अंगणात पडून होते. आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी एक कोळीण आहे. तिच्या घरची होडी बंदरात असते. होडी धक्क्याला घासू नये म्हणून ही माणसं तिच्या कडेला जुने टायर बांधतात. तिने टोपली उतरवली आणि टायरांकडे बघत म्हणाली, "ते मला दे गो बाय. फेकू नको."

मग वाकून तिने तिन्ही टायर हाताने दाबून पाहिले. फाटक्याशी थांबली.

"हा उन्हात नव्हता. घरात होता हा."

मी चकित झाले. "तुला कसं कळलं?"

"वरनं बघ कसा काळा हाय. पण दाब. दगड झालाय दगड. आमच्या खोपीत जाळ्याखाली ठेवलेला असाच होतो. उन्हातला तडकतो, तो बघून कळतो तरी. घरातला कळत न्हाय. दोरी ओढली की मग फाटतो."

मी दाबून पाहिलं. खरंच, नव्या टायरला बोट लावलं की जी किंचित लवचीक दाद मिळते ती इथं नव्हती. तिच्याकडे आलेले टायर पुन्हा रस्ता पाहत नाहीत. ते फक्त उन्हावाऱ्यात लटकून नाहीतर खोपीत पडून म्हातारे होतात. म्हणून म्हातारा टायर कसा असतो हे तिला ठाऊक होतं, आणि वडिलांना नव्हतं. वडिलांच्या गाडीचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजून जायचा. एकतीस वर्षांत त्यांना वयाने मेलेला टायर बघायला मिळालाच नव्हता.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. भर दुपारी गाडी अंगणातल्या उन्हात ठेवली आणि डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खोबणीत प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवला. दर अर्ध्या तासाने बघत होते. पारा बाहेरच्या हवेला मागे टाकून चढत गेला. तीन वाजता आतला लोखंडी पाना मला हातात धरवला नाही. म्हणजे त्या स्टेपनीने ऊन पाहिलं नव्हतं, पण आठ वर्षं भट्टीत मात्र काढली होती. मग शोधून शोधून वाचलं. उष्णतेने आणि आत दाबून भरलेल्या हवेने रबर आतूनही सुकत जातं. टायर फिरत राहिला की त्यातलं संरक्षक मेण वर येत राहतं. उभ्या गाडीला तेही मिळत नाही. कमी चाललेली गाडी म्हणून आम्ही जिचं कौतुक केलं होतं, तिच्या टायरांना उभं राहणंच बाधलं होतं.

शाळेत गेल्यावर मी नववीच्या मुलांना वह्या उघडायला सांगितल्या. मागचा निष्कर्ष अर्धा होता, हे सांगितलं. आपण तीन आठवडे पाहिलं आणि आठ वर्षांबद्दल बोललो. खण थंड होता, डिकी थंड नव्हती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तुम्हाला पंक्चरवाल्यांनी आधीच सांगितलं नव्हतं का?" सांगितलं होतं, मी म्हटलं. मी प्रश्न विचारला, पण उत्तर अर्धंच ऐकलं. ती खाली बसली.

चाचांकडे मी मुद्दाम जाऊन आले. काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "दोघं सलामत हाय ना," एवढंच विचारलं आणि हातातल्या ट्यूबला पॅच लावत राहिले.

आता आमची गाडी चिंचेखाली उभी असते. दर पंधरवड्याला काम असो नसो, मी तिला दिवेआगरपर्यंत फिरवून आणते. वडील बरोबर येतात. त्यांना एक नवा नाद लागलाय. सुट्टीच्या दिवसांत आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या रांगेत उभ्या असतात, तिथं ते काठी टेकत फिरतात आणि टायरांवरचे आकडे वाचतात. आकडे आत असले तर मला वाकायला लावतात.

मागच्या महिन्यात एका पांढऱ्या गाडीपाशी ते बराच वेळ थांबले. गाडीचा मालक मुलांना घेऊन पाण्यातून आला तेव्हा वडिलांनी त्याला सांगितलं, "साहेब, टायर अकरा वर्षांचे हायत. भेगा बघा. हायवेला काढू नका."

त्या माणसाने टायरला बुटाने ठोकून पाहिलं. "नक्षी आहे की काका अजून," तो म्हणाला.

"व्हय," वडील म्हणाले. "मी पन असंच म्हनायचो."

माणूस हसला, मुलांचे पाय झटकून त्यांना आत बसवलं आणि गाडी मागे घ्यायला लागला. मग थांबला. काच खाली करून त्याने विचारलं, "इथं जवळ टायरवाला कुठं आहे?"

वडिलांनी काठीने बाजारपेठेची वाट दाखवली. गाडी त्या बाजूला वळली. ती चाचांच्या दुकानापाशी थांबली की सरळ पुढे गेली, ते वळणामुळे आम्हाला दिसलं नाही.